लॅटिन शब्दप्रयोगांचे सोपे इंग्रजी पर्याय

इंग्लंडच्या कोर्टकचेऱ्यांत आणि सरकारी कागदांत मुरलेल्या लॅटिन शब्दप्रयोगांच्या जागी सामान्य माणसाला कळणारे इंग्रजी शब्द वापरण्याची प्रथा. उदाहरणार्थ, ‘पर ॲनम’ऐवजी ‘अ यिअर’, ‘इंटर अलिया’ऐवजी ‘अमंग अदर थिंग्ज’.

न्यायालयातून लॅटिन हटवणे सोपे गेले नाही. राजेशाही नसताना, १६५० साली, संसदेने कायद्याचे व्यवहार इंग्रजीत आणले. १६६० मध्ये राजा परतला आणि लॅटिनही परतली. १७३३ पासून न्यायालयीन कामकाजात इंग्रजी पुन्हा सक्तीची झाली. मात्र मुरलेल्या संज्ञांना इंग्रजी पेहराव चढेना, तेव्हा त्यांना सूट देणारा दुसरा कायदा लगोलग करावा लागला. त्यामुळे पहिल्याचा हेतूच जवळजवळ फसला, असे विधिपंडित ब्लॅकस्टोन यांचे मत होते.

खरी साफसफाई २६ एप्रिल १९९९ रोजी झाली. लॉर्ड वुल्फ यांच्या शिफारशींवरून आलेल्या दिवाणी नियमांनी ‘एक्स पार्टे’चे ‘विदाउट नोटीस’, ‘इन कॅमेरा’चे ‘इन प्रायव्हेट’, ‘सबपीना’चे ‘विटनेस समन्स’ केले. अल्पवयीनाच्या वतीने दावा लढवणारा ‘गार्डियन ॲड लायटेम’ आता ‘लिटिगेशन फ्रेंड’ झाला. पुढे ‘सर्शिओरारी’ची ‘क्वॉशिंग ऑर्डर’ आणि ‘मॅन्डेमस’ची ‘मँडेटरी ऑर्डर’ झाली. यातला ‘मँडेटरी’ही मुळात लॅटिनचाच, पण तो इंग्रजीत कधीच घरचा झाला आहे. ‘हेबियस कॉर्पस’ला मात्र कोणी हात लावला नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ च्या इंग्रजी पाठात ही जुनी नावे आजही तशीच आहेत आणि मराठी वृत्तपत्रेही बिनदिक्कत ‘हेबियस कॉर्पस याचिका’ लिहितात.

लेखनातल्या परकीय शब्दांवर १९४६ साली झोड उठवणाऱ्या जॉर्ज ऑर्वेल यांनीही ‘आय.ई.’, ‘ई.जी.’ आणि ‘एटसेट्रा’ ही संक्षिप्त रूपे उपयोगी मानली होती. सत्तर वर्षांनी, २०१६ मध्ये, ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने नेमकी हीच काढायला घेतली. इंग्रजी नव्याने शिकणारे त्यांत अडखळत. शिवाय अंधांना मजकूर वाचून दाखवणारी काही सॉफ्टवेअर बिनटिंबांच्या ‘ई.जी.’चा उच्चार ‘एग’, म्हणजे अंडे, असा करीत. आता तिथे ‘फॉर एक्झाम्पल’ किंवा ‘सच ॲज’ असते.

सगळेच पर्याय पटण्याजोगे नाहीत. बोर्नमथ नगर परिषदेने २००८ च्या सुमारास टाळायच्या शब्दांच्या यादीत ‘ॲड हॉक’, ‘बोना फाइड’ यांच्या जोडीला ‘व्हाया’ही घातला. केंब्रिजच्या अभिजात भाषांच्या प्राध्यापक मेरी बिअर्ड यांनी त्यावर कडक टीका केली. ‘व्हाया’च्या बाबतीत तरी ती रास्त होती: रेल्वेच्या वेळापत्रकात रोज वाचला जाणारा हा शब्द कोणाला अडतो?