पाळीव प्राण्यांचे ‘कॅरिअर’ : देखणे हवेच, पण आधी मापात हवे

नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याहून बंगळुरू, फ्रँकफर्ट किंवा न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबांबरोबर आता घरातले मांजर किंवा छोटा कुत्राही निघतो. अशा प्रवाशाला विमानाच्या केबिनमध्ये, मालकाच्या पायाशी जागा मिळू शकते. मात्र ती मिळते पिशवीच्या मापावर. बाजारात रजईसारख्या शिलाईच्या, कॅनव्हासच्या, चामड्याच्या, पारदर्शक घुमटाच्या अशा एकाहून एक देखण्या पिशव्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर ‘एअरलाइन अप्रूव्ह्ड’ अशी चिठ्ठी असते आणि ग्राहक तिच्यावर विसंबतो. वस्तुतः सर्व विमान कंपन्यांना बंधनकारक ठरेल अशी मान्यता कोणतीही संस्था देत नाही. हवाई कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयाटा’ सजीव प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम प्रसिद्ध करते. पण कोणत्याही उत्पादकाच्या पेटीला किंवा पिशवीला प्रमाणपत्र देत नाही. पिशवी चालेल की नाही, हे त्या कंपनीचे नियम आणि विमानतळावरचा कर्मचारी ठरवतो.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. १२ मार्च २०१८ रोजी ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात फ्रेंच बुलडॉग जातीचे दहा महिन्यांचे पिल्लू दगावले. त्याची पिशवी आसनाखाली पूर्ण न मावता मधल्या वाटेत येत होती आणि त्यामुळे ती डोक्यावरच्या सामानकप्प्यात ठेवायला लावली गेली, असे सहप्रवाशांनी सांगितले. त्या बंद कप्प्यात पिल्लाचा अंत झाला. कंपनीने जबाबदारी स्वीकारून माफी मागितली आणि केबिनमधील प्राण्यांच्या पिशव्यांना ठळक रंगाच्या खुणा लावण्याचे ठरवले. प्राण्याला वरच्या कप्प्यात कधीही ठेवायचे नसते, हा पहिला धडा. आणि पिशवीचे माप ही शोभेची नव्हे तर जिवाची बाब आहे, हा दुसरा.

कठीण पेटीकडून मऊ पिशवीकडे

एके काळी प्राणी न्यायचा म्हणजे प्लास्टिकची कठीण पेटी, असेच समीकरण होते. ते बदलण्यात ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्समधील हवाई सुंदरी गेल मार्ट्झ यांचा मोठा वाटा आहे. आपल्या ‘शेर्पा’ नावाच्या ल्हासा अप्सो कुत्र्यासाठी त्यांनी मऊ कापडी पिशवी तयार केली, १९८९ मध्ये त्याच नावाने व्यवसाय सुरू केला आणि अशा पिशव्या केबिनमध्ये स्वीकाराव्यात म्हणून विमान कंपन्यांचे मन वळवले. आज दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक पिशव्या त्याच घडणीच्या आहेत : तळाशी ताठ फळी, बाजूंना जाळी, वर आणि पुढे चेन. मऊ पिशवीचा गुण असा की आसनाखाली सरकवताना ती दोन-तीन सेंटीमीटर दबते. कठीण पेटी दबत नाही. म्हणून अनेक कंपन्या कठीण पेटीला उंची कमी देतात.

मर्यादा आसनाखालच्या जागेची

नियमातले आकडे मनमानी वाटले, तरी ते समोरच्या आसनाखालच्या पोकळीतून आलेले असतात. तिथे आसनाचे पाय असतात, जीवनरक्षक जाकीट असते आणि काही विमानांत करमणुकीच्या यंत्रणेची पेटीही असते. त्यामुळे एकाच विमानात दोन आसनांखालची जागा सारखी असेलच असे नाही. सर्वांत पुढची, समोर भिंत असलेली रांग आणि आपत्कालीन दारांची रांग प्राणी नेणाऱ्यांना मिळत नाही.

काही प्रमुख कंपन्यांची मापे पाहिली, की फरक लक्षात येतो.

• एअर फ्रान्स आणि केएलएम : ४६ x २८ x २४ सेंमी, प्राणी आणि पिशवी मिळून ८ किलो.
• लुफ्तान्सा : ५५ x ४० x २३ सेंमी, एकूण ८ किलो, पिशवी मऊच हवी.
• युनायटेड : मऊ पिशवी ४६ x २८ x २८ सेंमी, कठीण पेटी ४४ x ३० x १९ सेंमी.
• एअर इंडिया : नियमपत्रकात दीर्घकाळ आढळणारे माप १८ x १८ x १२ इंच, म्हणजे सुमारे ४६ x ४६ x ३० सेंमी, प्रवासासाठी वैमानिकाची संमती आवश्यक.

देशांतर्गत प्रवासात आकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये पाळीव प्राण्यांना प्रवेश दिला. इंडिगोने मात्र प्रशिक्षित सहायक श्वानांचा अपवाद वगळता ही सोय ठेवलेली नाही. विमानाचा प्रकार बदलला की माप बदलू शकते आणि कंपन्याही नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून तिकीट काढतानाच प्राण्याची नोंद करून कंपनीकडून माप लेखी घ्यावे. एका उड्डाणात केबिनमधील प्राण्यांची संख्या मर्यादित असते; उशिरा विचारणाऱ्याला जागा उरत नाही.

प्रवास दोन कंपन्यांच्या विमानांनी होणार असेल, तर प्रत्येक बाजूचे सर्वांत लहान माप धरावे. लुफ्तान्साच्या मापाची ५५ सेंमी लांब पिशवी एअर फ्रान्सच्या विमानात अडेल. आणि युनायटेडला चालणारी २८ सेंमी उंची लुफ्तान्साला चालणार नाही. वरील यादीतील मऊ पिशव्यांचा विचार केला, तर साधारण ४५ x २८ x २३ सेंमी ही पिशवी सगळीकडे बसते. खरेदीला निघताना हा आकडा आणि मोजपट्टी जवळ असावी. पिशवी बाहेरून मोजावी. चाके, बाजूचे खिसे, तळाचे टेकू हे सारे मापात धरले जाते. उत्पादक पुष्कळदा ते वगळून माप छापतात.

वजनाचाही हिशेब करावा. मर्यादा ८ किलोची, पिशवी सव्वा किलोची, आतली गादी पाव किलोची. म्हणजे प्राण्यासाठी उरले साडेसहा किलो. पितळी कड्या आणि जाड चामडे यांनी पिशवीचे वजन वाढते आणि तेवढे प्राण्याच्या वाट्यातून वजा होते.

प्राण्याचे माप

पिशवी विमानात बसली तरी प्राणी पिशवीत बसला पाहिजे. त्याला आत उभे राहता यावे, वळता यावे आणि अंग सैल सोडून पडता यावे, अशी बहुतेक कंपन्यांची अट असते. मालवाहू कक्षातल्या पेटीसाठी आयाटाचे एक सूत्र आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळून पेटीची लांबी. खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट पेटीची रुंदी. आणि उभ्या प्राण्याची पूर्ण उंची अधिक अंथरुणाची जाडी, ही पेटीची उंची. केबिनमधल्या पिशवीला हे सूत्र तंतोतंत लागू नसले, तरी अंदाजासाठी ते चांगले.

समजा, मांजराची लांबी ४० सेंमी, कोपरापर्यंतची उंची १४, खांद्यांची रुंदी १३ आणि उभे असताना डोक्यापर्यंतची उंची २८ सेंमी आहे. सूत्राप्रमाणे त्याला ४७ सेंमी लांब, २६ सेंमी रुंद आणि २८ सेंमीहून किंचित उंच जागा लागेल. वर काढलेल्या ४५ x २८ x २३ सेंमी मापाशी ताडले, तर रुंदी पुरते, लांबी जेमतेम आणि उंची कमी पडते. बहुतेक प्राण्यांची अडचण अशी उंचीतच असते. मांजर मान आखडून बसते, वळते आणि प्रवासातला बराचसा वेळ पडून काढते. म्हणून मऊ छताच्या पिशवीत त्याचे निभावते. ज्या कुत्र्याची पाठच छताला लागते, त्याला मात्र त्या पिशवीत कोंबू नये. मुंबई-पॅरिस प्रवास नऊ-दहा तासांचा, तर मुंबई-न्यूयॉर्क थेट प्रवास पंधरा तासांहून अधिक. आणि या साऱ्या वेळात प्राण्याला बाहेर काढण्याची मुभा नसते.

देखणेपण कशात शोधावे

मापाची चाळणी लागल्यावर उरलेल्या पिशव्यांत रुचीला भरपूर वाव आहे. काही गोष्टी मात्र पारखून घ्याव्यात.

जाळी किमान तीन बाजूंना हवी, कारण आसनाखाली एखादी बाजू झाकली जाणारच. चेनच्या दोन टोकांना एकमेकांत अडकणारी कडी हवी. मांजर पंजाने चेन उघडते. आत छोटा पट्टा असावा आणि तो गळपट्ट्याला नव्हे, छातीपट्ट्याला अडकवावा. वरून उघडणारी पिशवी अधिक सोयीची, कारण सुरक्षा तपासणीत पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते आणि प्राण्याला बाहेर काढून हातात धरावे लागते. गर्दीत बिथरलेले मांजर पुढच्या दारातून ओढून काढणे सोपे नसते.

अस्तर फिकट आणि धुता येणारे असावे. त्यावर डाग, रक्त किंवा पिसू लगेच दिसतात. बाहेरचा रंग राखाडी, निळा, मातकट असा असला तर केस आणि धूळ कमी दिसते. धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांकडून मापाची पिशवी शिवून घेण्याचा मोह होऊ शकतो. पण चामडे मूत्राचा वास धरून ठेवते. त्यापेक्षा नायलॉन किंवा कॅनव्हासची पिशवी घेऊन मूठ आणि किनारी तेवढ्या चामड्याच्या कराव्यात.

पारदर्शक घुमटाची पाठीवरची पिशवी छायाचित्रात छान दिसते, पण ती कठीण असते, आसनाखाली आडवी मावत नाही आणि तिच्यात हवा खेळती राहत नाही. बाजू उघडून मोठ्या होणाऱ्या पिशव्या उपयुक्त आहेत. मात्र तो विस्तार विमानतळावरच्या प्रतीक्षेत वापरायचा, आसनापाशी नव्हे.

पिशवी उपयोगी पडत नाही तेव्हा

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पाळीव प्राणी केबिनमधून आणता येत नाहीत. सहायक श्वानांसारखे अपवाद सोडल्यास ते मालवाहतुकीतूनच न्यावे लागतात. एमिरेट्सच्या केबिनमध्येही कुत्र्या-मांजरांना जागा नाही. तिथे काही मार्गांवर सवलत आहे ती ससाण्यांना. लंडन, सिडनी किंवा दुबईला जाणाऱ्यांनी केबिनची पिशवी नव्हे, आयाटाच्या सूत्राप्रमाणे कठीण पेटी घ्यावी.

पग, फ्रेंच बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांबाबत अधिक सावध राहावे. ‘हच’च्या २००३ मधील जाहिरातीने पग आपल्याकडे घरोघरी ओळखीचा केला, पण उष्मा आणि ताण यांत त्याचा श्वास लवकर कोंडतो. अशा प्राण्याला प्रवास झेपेल का, हे आधी पशुवैद्याला विचारावे. झोपेचे औषध स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये. उंचीवर त्याने श्वसन आणि रक्तदाब बिघडू शकतो.

प्रवासापूर्वी

पिशवी निदान महिनाभर आधी आणून घरात उघडी ठेवावी, खाऊ तिच्यातच द्यावा. नंतर ती बंद करून, अंतर वाढवत फिरवावी. पिशवीच्या बाहेरच्या खिशात लसीकरणाची नोंद, आरोग्य दाखला आणि कंपनीचे लेखी मापपत्र असावे. परदेशप्रवासाला पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेच्या कार्यालयाचा दाखला लागतो. युरोपीय संघासाठी मायक्रोचिप आणि रेबीजविरोधी प्रतिपिंडांची रक्तचाचणी आवश्यक असून, रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. १ ऑगस्ट २०२४ पासून भारतातून अमेरिकेत जाणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि मायक्रोचिप बसवलेला असावा लागतो.

खरेदीचा क्रम म्हणूनच साधा ठेवावा : आधी कंपनीचे माप, मग प्राण्याचे माप आणि शेवटी रंगरूप. पहिली दोन मापे जुळत नसतील, तर पिशवी बदलून भागत नाही. प्रवासाचा मार्ग तरी बदलावा, नाहीतर प्राण्याला काही काळ विश्वासू माणसाकडे ठेवावे.