रेन्वारचे हात

रोगांचा इतिहास बहुधा वैद्यांच्या ग्रंथांवरून लिहिला जातो. आमवाताचा इतिहास मात्र एका चित्रकाराच्या हातांवरूनही वाचता येतो.

१८०० साली पॅरिसच्या लांद्रे-बोव्हे या तरुण वैद्याने साल्पेत्रिएर रुग्णालयातील नऊ स्त्रियांच्या सांध्यांचे वर्णन आपल्या प्रबंधात केले. परंतु हा गाउटचाच एक प्रकार होय, असे त्याने मानले. १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरडने त्यास 'रूमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे वेगळे नाव सुचविले. नाव मिळाले, उपाय मिळाला नाही.

१८९२च्या सुमारास, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ओग्यूस्त रेन्वार यास हा रोग जडला. पुढील काही वर्षांच्या छायाचित्रांत बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सुजलेले दिसतात. १९१२पासून तो चाकांच्या खुर्चीला खिळला. अखेरच्या छायाचित्रांत बोटे तळव्यात वळून गेलेली आहेत. कुंचला हाताला बांधीत, ही दंतकथा. पट्ट्या होत्या त्या कातडीच्या रक्षणासाठी. कुंचला कोणीतरी बोटांत ठेवून देई, आणि १९१९ साली मृत्यू येईपर्यंत तो रंगवीतच राहिला.

त्याच्या जिद्दीस आम्ही वंदन करतो. परंतु त्या कौतुकात रोगाची रीत विसरून चालणार नाही. या रोगात शरीराचे संरक्षक दल आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजते, फोफावते आणि कूर्चेला व हाडाला कुरतडू लागते. वेदना कमी-अधिक होते. झालेली झीज मात्र राहते.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन वापरले आणि अंथरुणाला खिळलेले रोगी चालू लागले. १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण दीर्घ वापराचे दुष्परिणामही लवकरच दिसले. १९८०नंतर मेथोट्रेक्सेट रूढ झाले, १९९०नंतर जैविक औषधे आली, आणि पुष्कळ रोग्यांत झीज रोखता येऊ लागली. कुरतडलेले हाड मात्र ही औषधे पूर्ववत करीत नाहीत. म्हणून उपचार पहिल्या काही महिन्यांतच सुरू व्हावयास हवा.

हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटीतिपटीने होतो. आमच्या घरांतून मात्र 'वयोमानाने व्हायचेच' असे म्हणून आईची सुजलेली बोटे वर्षानुवर्षे दुर्लक्षिली जातात. रेन्वारपाशी औषध नव्हते. आज ते आहे. तेव्हा सकाळी तासभर जिची बोटे आखडून राहतात, तिला आम्ही आजच वैद्याकडे नेले पाहिजे.