परागंदा गोमंतकीय

ज्या ट्रॉम्ब्यात आपण ज्ञातिबांधव वर्षातून एकदा एकत्र जमतो, तेथेही एके काळी पोर्तुगीजांचाच अंमल होता. १७३७-३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टीचा हा सारा मुलूख सोडविला. गोमंतक मात्र त्यानंतर सव्वादोनशे वर्षे परसत्तेखाली राहिले. आणि त्या काळाच्या अखेरीस सालाझारशाहीच्या जाचाने परागंदा झालेल्या अनेक गोमंतकीयांना आसरा दिला तो या मुंबईनेच.

त्यांतील त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे ज्ञातीनेच काय, धर्मानेही आमचे नव्हेत; तरी या पृष्ठांवर त्यांचे स्मरण व्हावे असे आम्हांस वाटते. १९४६ साली लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. १९५३ मध्ये पोर्तुगालातून निसटून, पॅरिसमार्गे ते मुंबईस आले आणि साठी उलटल्यावर ‘फ्री गोवा’ पत्र चालवू लागले.

या परागंदांचे दुःख चमत्कारिकच होते. भाषा आपली, माशांचे कालवण आपले, समुद्रही तोच. पण गावची वाट बंद. १९५५ च्या ऑगस्टात सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, रेल्वे थांबली आणि भारत सरकारच्या नाकेबंदीमुळे घरी पैसे धाडणेही दुरापास्त झाले. सत्ताधीशांसाठी टाकलेल्या फासाची झळ गोरगरिबांच्या चुलीलाही लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी कुन्हा मुंबईतच निवर्तले. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. कुन्हांच्या अस्थी पणजीच्या आझाद मैदानात पोचल्या, त्या १९८६ साली.