एक व्यक्ती, अनेक पत्ते : ई-मेलमधील प्रत्युत्तराच्या पत्त्याचा इतिहास

प्रस्तावना

पत्राचे उत्तर कोणत्या नात्याने द्यावयाचे, हा प्रश्न पत्रव्यवहाराइतकाच जुना आहे. महाविद्यालयातील एखादा अध्यापक विभागप्रमुख असतो, एखाद्या समितीचा सचिव असतो आणि खासगी व्यक्तीही असतो. कागदी पत्रव्यवहारात छापील लेटरहेड, जावक क्रमांक आणि पदनामावरील स्वाक्षरी यांमुळे ही नाती वेगळी राहत. ई-मेलमध्ये हे सारे काम ‘प्रेषक’ या एका ओळीवर येऊन पडले. एकाच संगणकावर अनेक पत्त्यांचे टपाल येऊ लागल्यावर कोणते उत्तर कोणत्या पत्त्यावरून जावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. हा अधिकार यंत्राकडून वापरकर्त्याकडे व पुढे अंशतः सर्व्हरकडे कसा गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. यंत्राने दिलेले नाव

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर संदेश पाठविला आणि व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह ठेवले. पत्ता व्यक्तीइतकाच यंत्राचाही असल्याने दोन यंत्रांवर खाते असणाऱ्यास दोन पत्ते असणे क्रमप्राप्त होते. त्या काळात एकच मोठा संगणक अनेकजण वापरीत. परवलीचा शब्द देऊन आत आलेल्या व्यक्तीचे नाव सामान्यतः यंत्रच पत्रावर घाली. १९७५ च्या सुमारास जॉन व्हिटल यांच्या ‘एमएसजी’ या आज्ञावलीत उत्तराची स्वतंत्र आज्ञा आली आणि मूळ पत्रावरून उत्तराचा पत्ता आपोआप भरला जाऊ लागला.

१९७७ च्या ‘आरएफसी ७३३’ या दस्तऐवजाने पत्राच्या शीर्षभागाचे नियम मांडले. डेव्हिड क्रॉकर यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये सिद्ध केलेल्या ‘आरएफसी ८२२’ने त्यांची जागा घेतली. त्यात ‘फ्रॉम’ म्हणजे पत्राचा कर्ता, ‘सेंडर’ म्हणजे ते प्रत्यक्ष रवाना करणारा आणि ‘रिप्लाय-टू’ म्हणजे उत्तर जेथे यावे ते ठिकाण, असा भेद स्पष्ट केला आहे. ‘प्राचार्यांकरिता’ असे लिहून कार्यालयीन अधीक्षक स्वाक्षरी करतो, तेव्हा कर्ता आणि प्रेषक यांच्यातील हाच भेद पाळला जातो. ‘सेंडर’ ही ओळख पडताळलेली असावी, अशी त्या दस्तऐवजाची अपेक्षा होती. ही अपेक्षा पुढील काळात टिकली नाही.

२. वापरकर्त्याने लिहिलेले नाव

१९८० च्या दशकात वैयक्तिक संगणक आले. १९८४ मध्ये प्रथम मांडलेल्या ‘पॉप’ या पद्धतीने सर्व्हरवरील टपाल घरच्या वा कार्यालयातील संगणकावर उतरविता येऊ लागले. १९८८ मध्ये स्टीव्ह डॉर्नर यांनी इलिनॉय विद्यापीठात ‘युडोरा’ ही आज्ञावली तयार केली. अशा आज्ञावलीत आपले नाव आणि पत्ता वापरकर्ता स्वतःच सेटिंगमध्ये लिही. पूर्वी यंत्राने दिलेली ओळख आता वापरकर्त्याचे स्वतःचे निवेदन ठरली.

एका व्यक्तीकडे अनेक पत्ते जमू लागल्यावर या निवेदनांची व्यवस्था लावणे आवश्यक झाले. युडोराने यासाठी ‘पर्सनॅलिटी’ ही संज्ञा वापरली. १९९९ च्या ‘आउटलुक एक्सप्रेस ५’मध्ये ‘आयडेंटिटी’ ही सोय आली. पण तिचा हेतू एक संगणक वापरणाऱ्या भिन्न व्यक्तींचे टपाल वेगळे ठेवणे हा होता. डिसेंबर २००४ मध्ये ‘थंडरबर्ड’ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिच्यात याच शब्दाचा अर्थ एकाच व्यक्तीच्या निरनिराळ्या ओळखी असा होता. प्रत्येक ओळखीस स्वतंत्र पत्ता, स्वाक्षरी, पाठविलेल्या पत्रांची पेटी आणि जावक सर्व्हर जोडता येई.

उत्तराचा पत्ता निवडण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या. पत्र ज्या खात्यात आले त्याच खात्यावरून उत्तर देणे, ही पहिली. मूळ पत्रातील ‘प्रति’ वा ‘प्रत’ या ओळींतील पत्ता आपल्या ओळखींशी ताडून पाहणे, ही दुसरी. कार्यालयीन पत्त्यावरील टपाल खासगी खात्याकडे वळविले असेल, तर पहिली पद्धत खासगी पत्त्यावरून उत्तर धाडते. गुप्त प्रतीने आलेल्या पत्रात आपला पत्ताच दिसत नाही. तेथे दुसरी पद्धत अडते व खात्याचा मूळ पत्ता वापरला जातो. अखेर रवानगीपूर्वी ‘प्रेषक’ ओळ वाचणे वापरकर्त्याच्याच वाट्याला राहिले.

३. सर्व्हरने मागितलेला पुरावा

स्वतः लिहिलेल्या ओळखीवर विश्वास ठेवणारी ही व्यवस्था तोतया पत्रांना अटकाव करू शकली नाही. १९९९ मध्ये पत्र पाठविणाऱ्याची सर्व्हरवर पडताळणी करण्याची पद्धत प्रमाणित झाली. २००६ मध्ये ‘एसपीएफ’, २००७ मध्ये ‘डीकेआयएम’ आणि २०१५ मध्ये ‘डीमार्क’ यांचे दस्तऐवज प्रसिद्ध झाले. पत्र कोणत्या सर्व्हरवरून निघावे हे पहिल्याने सांगितले, दुसऱ्याने पत्रावर डोमेनची सांकेतिक स्वाक्षरी आणली आणि तिसऱ्याने या दोहोंचा मेळ ‘प्रेषक’ ओळीतील डोमेनशी घातला. परिणामी महाविद्यालयाचा पत्ता निवडून पत्र खासगी सेवेच्या सर्व्हरवरून पाठविल्यास ते नाकारले जाण्याची शक्यता निर्माण झाली. पत्ता आणि जावक सर्व्हर यांची जोडी बरोबर असणे आता अपरिहार्य ठरले.

४. अभिलेखाचा प्रश्न

या तांत्रिक इतिहासाला प्रशासकीय बाजूही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(च) मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. भारत सरकारच्या २०१५ च्या ई-मेल धोरणाने शासकीय पत्रव्यवहारासाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची सेवा वापरण्याचे बंधन घातले. यामागील कारण उघड आहे. अधिकाऱ्याने खासगी पत्त्यावरून दिलेल्या उत्तराची प्रत त्याच्या खासगी पेटीत राहते. तो निवृत्त झाला वा त्याची बदली झाली, की आवक पत्र कार्यालयात उरते आणि त्याचे उत्तर मात्र सापडत नाही. भावी संशोधकाच्या दृष्टीने ही अभिलेखातील कायमची पोकळी होय.

निष्कर्ष

तंत्राने या प्रश्नाचा अर्धाच भाग सोडविला आहे. पत्र त्या डोमेनवरून अधिकृतपणे निघाले की नाही, हे सर्व्हर पडताळू शकतो. त्या विषयावर कोणत्या पदाच्या नात्याने बोलणे उचित होते, हे तो सांगू शकत नाही. कागदी पत्रव्यवहारात तो विवेक जावक नोंदवही सांभाळणाऱ्या लिपिकाकडे आणि स्वाक्षरी करणाऱ्याकडे विभागलेला होता. ई-मेलमध्ये या दोन्ही भूमिका उत्तर देणाऱ्या एकाच व्यक्तीकडे आल्या आहेत. म्हणून प्रेषकाचा पत्ता निवडणे ही केवळ सोयीची बाब राहत नाही; संस्थेचा अभिलेख पूर्ण राहील की नाही, हेही त्याच निवडीवर अवलंबून असते.