पावसाळ्याची बेगमी

"तुमच्या घरी रोज बिर्याणी असते का?" हा प्रश्न आम्हां मराठी मुसलमानांना शाळेत, कचेरीत, अगदी साहित्य संमेलनाच्या मांडवातही ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण आता आमची मुलेही तसेच समजू लागली आहेत, याची मात्र काळजी वाटते. बिर्याणी लग्नाची, ईदची. उरलेल्या दिवसांचे काय? कोकणातल्या आमच्या घरांचा खरा इतिहास त्या साध्या दिवसांच्या चुलीपाशी आहे, आणि तो फारसा लिहिला गेलेला नाही.

बादशहाच्या मुदपाकखान्याचा इतिहास मात्र लिहिला गेला. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईने अकबरी'त पदार्थांची मापे दिली. त्यातल्या खिचडीत तांदूळ 5 शेर, डाळ 5 शेर आणि तूपही 5 शेर! आमच्या आजीच्या खिचडीत तूप चमच्याच्या टोकाला लागलेले असे. खिचडी दोन्हीकडे, पण आमचा वारसा आजीच्या चमच्याचा.

या किनाऱ्यावरची मुसलमान वस्ती मोगलांच्या कितीतरी आधीची. अरब प्रवासी अल् मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916-17 च्या सुमारास, चौलला आला. तिथे सुमारे 10,000 मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. इथेच जन्मलेल्यांना 'बयासिरा' म्हणत, असेही तो सांगतो. दर्यावर्दी अरबांनी इथे संसार मांडले, पण चुलीवर शिजले ते इथल्याच मातीत पिकलेले आणि इथल्याच खाडीत सापडलेले. म्हणून तांदळाची भाकरी, नारळ, आमसूल आणि तिरफळ जशी आमच्या घरात, तशीच शेजारच्या कोळ्या-कुणब्यांच्या घरात. मिरची दोघांकडेही नंतरची. ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली.

या स्वयंपाकघराचा कणा म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द मूळचा फारसी. बे-गम म्हणजे ज्याला चिंता नाही तो. मराठीने त्याला साठवणीचा अर्थ दिला. कोठी भरलेली असेल तरच घर निश्चिंत, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच हा अर्थ सुचला असणार. मृग लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, मुंबईच्या आगबोटी बंद होत. घरचा पुरुष मुंबईच्या गोदीत किंवा जहाजावर. मनिऑर्डर लांबली तरी चूल पेटली पाहिजे, ही जबाबदारी बाईची.

तिची विद्या साधी, पण नेमकी होती. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. डाळींना एरंडेलाचा हात फिरवायचा. मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे ठेवायचे. चिंच चिंचोके काढून, मीठ लावून, गोळे करून ठेवायची. कोकमाची साले त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात घालायची, तेव्हा आमसूल काळेभोर होते. सुके बोंबील नि जवळा अधूनमधून ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा आणि रांधण्यापूर्वी तव्यावर परतून घ्यायचा. कालवणात नारळाचे दूध शेवटी, मंद आचेवर घालायचे, नाहीतर ते फुटते. आंबट कालवण मातीच्या भांड्यात करायचे, कारण आंबट पदार्थ पितळेला नि ॲल्युमिनियमला लागतो.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. तो आषाढ-श्रावणात आला की सेहरीचा घास याच डब्यांतून निघे. बाहेर कोसळणारा पाऊस, आत भाकरी आणि जवळ्याची चटणी. रोजा त्यावरही नीट पार पडे.

1970 नंतर आखाती देशांतून पैसा आला, त्याबरोबर फ्रीज आणि मिक्सर आले. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पावसाळ्यात गाव तुटणे संपले. हे चांगलेच झाले. उखळापाशी झिजलेल्या हातांचे गोडवे गाऊन आम्हांला ते कष्ट पुन्हा कोणाच्या माथी मारायचे नाहीत. पण कष्टाबरोबर ज्ञानही चालले आहे. ते जाणणाऱ्या बायका आता थकल्या आहेत. त्यांच्यामागे उरेल ती हॉटेलातली बिर्याणी, आणि मग त्या प्रश्नाला "हो" म्हणण्यावाचून आमच्या मुलांजवळ उत्तर राहणार नाही.

म्हणून एक करावे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसावे. ती ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत लिहावे, शुद्ध करू नये. "अंदाजाने घाल" म्हणाली तर तेही लिहावे, आणि मग तिच्या मुठीतले मीठ चमच्याने मोजून घ्यावे.