वंशसमता सनद
ब्रिटिश विद्यापीठांतील वांशिक विषमता दूर करण्यासाठीची ऐच्छिक मानांकन योजना. मूळ नाव ‘रेस इक्वॅलिटी चार्टर’. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या हत्येच्या तपासावरील मॅकफर्सन अहवालाने (१९९९) पोलीस दलातील संस्थात्मक वंशभेद उघड केला. त्यानंतर २०००च्या वंशसंबंध दुरुस्ती कायद्याने व नंतर २०१०च्या समता कायद्याने सार्वजनिक संस्थांवर समतावर्धनाचे कर्तव्य टाकले. या पार्श्वभूमीवर, २०१४मधील प्रायोगिक टप्प्यानंतर २०१६मध्ये सनद सर्वांना खुली झाली. सहभागी विद्यापीठ कर्मचारी व विद्यार्थ्यांची पाहणी करून भरती, बढती, प्रवेश, अभ्यासक्रम आणि पदवीश्रेणींतील वांशिक तफावत तपासते व कृतिआराखडा मांडते; त्यावरून कांस्य किंवा रौप्य मानांकन मिळते. दोष व्यक्तीपेक्षा संस्थेच्या रचनेत शोधणे, हे तिचे मोलाचे वैशिष्ट्य. मात्र समता कायद्यात वंशाप्रमाणे जात हा स्वतंत्र संरक्षित घटक नाही (⟶ जातिभेद, वर्णद्वेष).