सापावर पाय कुणाचा?

चिक्कडपल्ली मेट्रोचा जिना उतरता उतरता चपला हातात घ्या. खाली घोट्यापर्यंत चिखल आहे. आरटीसी क्रॉस रोडचे हॉर्न कधीच मागे पडले, कानांत आता नुसता पाऊस. तुम्ही गोव्यात पोचलात, साष्टीतल्या राचोलला, जुवारीच्या काठाला. साल 1616 च्या जरासं पुढचं. दिवस मात्र इथे पोराटोरांनाही पाठ आहे: 5 ऑगस्ट, हिमाच्या सायबिणीचं, म्हणजे मरियेचं, फेस्त. हिम म्हणजे काय, हे अख्ख्या गावात कुणी पाहिलेलं नाही. आभाळातून पडतं ते पाणी आणि तेही न थांबता.

गर्दीबरोबर चालायला लागा. डोक्यावर इरलं घ्या, नाहीतर मानेवरून पाण्याचे ओघळ थेट पाठीत उतरतील. ओलं गवत, शेण, सुकी मासळी आणि कुणाच्या तरी केसांतलं खोबरेल, सगळ्यांचा मिळून एकच वास येतोय. वाटेत एका पडवीतून करवंटीभर गरम पेज पुढे येईल, वर खाऱ्या बांगड्याचा तुकडा. जीभ पोळली तरी नको म्हणू नका.

पुढे पायवाट उगीचच वळसा घेते. मध्ये पुरुषभर उंचीचं वारूळ आहे. इथले लोक त्याला रोयण म्हणतात, आणि रोयण म्हणजे सांतेरीचं रूप. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. नागुल चविथीला पुट्टेवर, म्हणजे वारुळावर, दूध ओतायला निघालेल्या बायका तुम्ही दरवर्षी पाहता. इथली देवळं मागच्या पिढीच्या डोळ्यांदेखत पडली, वारूळ तेवढं राहिलं. तुमच्या पुढच्या म्हाताऱ्याचे हात जोडायला वर येतात, अर्ध्यावर थबकतात आणि मग कपाळ, छाती, खांदे असा घाईघाईने खुरीस काढतात. तुम्ही पाहिलंत हे त्याच्या लक्षात आलंय. दुसरीकडे बघा.

इगर्जीच्या दाराशी धक्काबुक्की चाललीय. एका बाजूला उभा राहून एक कारागीर कापडाची घडी उलगडतोय. खरं तर ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांनी पवित्र मूर्ती घडवू नयेत, असं चर्चच्या परिषदेने 1567 मध्येच ठरवलं होतं. पण चांगला हात सोडवतो कुणाला? घ्या, मूर्ती हातात घ्या. वीतभर हस्तिदंत, आधी गार लागतं, मग तळहाताच्या उबेने कोमट होतं. पायांच्या बोटांमध्ये अजून पांढरी भुकटी अडकलीय. मरियेचे डोळे अर्धे मिटलेले, पायाखाली चंद्रकोर, तिच्याखाली वेटोळं घातलेला साप. सापाच्या अंगावरचा खवला न् खवला कोरलाय, मरियेच्या झग्यापेक्षाही मन लावून. या हाताला साप चांगला ओळखीचा आहे.

आत शिरा. चुन्याच्या भिंतींना ओल आलीय, लोबानाने डोळे चुरचुरतात. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, सगळे जमिनीवर. मांडी मांडीला लागते, कुणाचं तरी तान्हं तुमच्या बाहीवर ओघळ सोडतं. मिस्सा सकाळीच झाली. आता मेस्त, म्हणजे शाळेचा आणि गाण्याचा मास्तर, पुराण काढतो. चकित होऊ नका, कानांवर पडताहेत त्या मराठी ओव्याच आहेत. हे पुराण इथे राचोललाच 1616 मध्ये छापलं. देवनागरी खिळे नव्हते म्हणून अक्षरं रोमन. ओव्या जवळजवळ 11 हजार, आणि रचणारा इंग्रज: विल्टशरचे थॉमस स्टीफन्स, इथले पाद्री इश्तेवांव.

आज आदांव-एवेची गोष्ट आहे. बागेत साप येतो, त्याच्या तोंडून देवचार बोलतो, एवा फळ घेते. पुरुषांच्या बाजूला कुजबुज सुरू होते. पुढे देवाचा शाप: तू पोटावर सरपटशील, तुझं डोकं ठेचलं जाईल. आणि मघाशी कुणालाही न दुखवता वारुळाला वळसा घालून आलेली ही सगळी मंडळी गप्प ऐकताहेत.

पाद्री इश्तेवांवांच्या मायदेशी हेच वाक्य भांडणाचं आहे. ठेचणारा पाय कुणाचा? कॅथलिक चित्रांत तो मरियेचा. प्रोटेस्टंट म्हणतात, छे, तिच्या मुलाचा. आईला हा मान देणं म्हणजे ख्रिस्ताचा हक्क हिरावणं. दहाएक वर्षांपूर्वी रोममध्ये चित्रकार काराव्हाज्जोने तोडगा रंगवला: सापावर आईचा पाय आणि त्या पायावर बाळाचं पाऊल. ते चित्र सेंट पीटरच्या वेदीवर फार दिवस टिकू दिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि देवळांतल्या चित्रा-मूर्तींवरून तर रक्त सांडलंय. मोशेने वाळवंटात खांबावर पितळेचा साप उभारला. सर्पदंश झालेला माणूस त्याच्याकडे नुसता बघून वाचला. कॅथलिक म्हणतात, बघा, देवानेच मूर्ती करायला लावली. प्रोटेस्टंट पुढचं पान उलटतात: लोक त्या सापाला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला, मग आम्ही फोडलं तर काय चुकलं? गंमत म्हणजे प्रोटेस्टंटांच्या ल्यूथरचा उजवा हात मेलांख्थोन, त्याच्या मुद्रेवर तोच पितळेचा साप. आणि केरळातल्या ऑर्थोडॉक्स बिशपांच्या हातातल्या धर्मदंडावर तर आजही दोन साप असतात.

इंग्लंडातल्या देवळांच्या भिंती चुन्याने पांढऱ्या झाल्या, तेव्हा तिथले चित्रकार कुठे गेले असतील? एक इथेच आला होता. 1583 मध्ये चार इंग्रज गोव्यात कैदेत पडले, त्यांच्या सुटकेसाठी पाद्री इश्तेवांवांनी खटपट केली. त्यांतल्या जेम्स स्टोरीला जेझुइटांनी आपलं देऊळ रंगवायला ठेवून घेतलं.

पुराण संपलं. पाऊस काही संपायचं नाव घेत नाही, म्हणून सगळे दाराशी तुंबलेत. मेस्त उत्साहात आहे. तुम्ही परके दिसताय, तेव्हा तुम्हाला गाठून पाय कुणाचा हे नीट समजावतोय: सायबिणीचा, आणि दुसरं काही म्हणणारे ते पाखंडी. मान डोलवा. इथे चुकीचं उत्तर महागात पडतं.

शेजारी एक म्हातारी पदर पिळत उभी आहे. टाचा भेगाळलेल्या, नखांत खाजनाचा काळा गाळ. पहाटेपासून तिने भात लावलंय आणि फेस्त आटोपलं की पुन्हा खाचरातच उतरायचंय. मेस्त पुढे सरकेपर्यंत ती थांबते आणि तुमच्या कानाशी येते.

"पुता, आईचा म्हण की लेकराचा म्हण," ती म्हणते, "चिखलात सापावर पडतो तो पाय माझाच."